कंबरेच्या उंचीवरची पुस्तकं

आमच्या वाचनालयात पुस्तक शोधण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिली म्हणजे यादीत नाव बघायचं, क्रमांक टिपायचा, क्रमांकावरून मांडणी आणि मांडणीवरून फळी गाठायची. दुसरी म्हणजे बाईंना विचारायचं. पहिली पद्धत प्रत्येक नव्या सभासदाला नीट समजावून सांगितली जायची आणि पहिल्याच आठवड्यात तो ती विसरायचा.

हुद्द्याने बाई साहाय्यक होत्या. कोणाच्या, ते पद मंजूर करणाऱ्यांकडून लिहायचं राहून गेलं होतं. टपाल कचेरीच्या मागच्या दोन खोल्यांत, अकरा लोखंडी मांडण्यांच्या मधून, त्या एकोणतीस वर्षं हिंडत होत्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा, आणि पायात अशा चपला की बाई मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना 'अनुक्रमणिका' म्हणायचो. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे आम्हालाही.

एकदा एक गृहस्थ म्हणाले, "बाई, ते निळ्या कव्हरचं द्या. शेवटी नवरा परत येतो ते."

बाईंनी पुस्तक आणून त्यांच्या हातात ठेवलं. "परत येत नाही. मागच्या वेळी तुम्ही वीस पानं उरलेली असताना पुस्तक आणून दिलंत."

साधारण तीन वर्षांपूर्वी, सातव्या मांडणीच्या तळच्या फळीवरून एक जाडजूड शब्दकोश काढताना, बाईंच्या कंबरेत उसण भरली. त्या तशाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्या, "कोणीतरी हा कोश घ्या आधी. मग माझं बघा."

कंबरदुखीचा विशेष असा, की तिच्यावरचा उपाय माहीत नसलेला माणूस सापडत नाही. त्यातून आम्ही सगळे वाचणारे. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, गादी काढून टाका, फळीवर झोपा. शिकवण्या घेणाऱ्या बाई म्हणाल्या, फळी काढून टाका, मऊ गादीवर झोपा. "दिवसभर फळ्यांशीच असते मी," बाई म्हणाल्या, "रात्री तरी नको." कोणी पट्टा आणून दिला, कोणी तेल, कोणी शेकायची पिशवी. डॉक्टरांनी फोटो काढला आणि 'वयाप्रमाणे थोडी झीज आहे' असं सांगितलं. पन्नाशी उलटलेल्या कुठल्याही माणसाला हे वाक्य फोटो न काढताही सांगता येतं.

मग आम्ही सभासदांनी मिळून बाईंना चाकांची खुर्ची आणून दिली. अर्पणसमारंभ झाला, दोन भाषणं झाली. त्या दिवसापासून बाई मांडण्यांच्या मधून टाचेने जमीन ढकलत, खुर्चीवर बसूनच फिरू लागल्या. उंचावरचं पुस्तक आम्ही काढून द्यायचो. खाली पडलेली चिठ्ठी आम्ही उचलायचो. "तुम्ही बसा हो बाई," हे वाक्य वाचनालयात इतक्या वेळा म्हटलं जाई की भिंतीवरच्या 'शांतता राखा'ला वाईट वाटावं.

घरी तर विचारूच नका. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका, बसमध्ये कंडक्टर होते. बत्तीस वर्षं धावत्या बसमध्ये, दांडीला हात न लावता, दोन्ही पायांवर तोल सांभाळत त्यांनी तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ दोन गोष्टी उरल्या: खांबासारख्या मांड्या आणि दिसेल त्याला 'पुढे सरका' म्हणायची सवय. बायकोची कंबर धरली तसे ते पूर्णवेळ कामावर रुजू झाले. बादली ते उचलत. फरशी ते पुसत. बाईंच्या चपला ते पायाशी आणून ठेवत. बाई खुर्चीतून उठायचा नुसता विचार करत, तोवर काकांचा हात समोर आलेला असे.

थोडक्यात, आम्ही सगळ्यांनी मिळून एका चालत्या बाईंना मायेने बसवलं. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. असता, तर इतकं नीट जमलं नसतं.

कंबर मात्र दुखायची थांबली नाही. उलट आता उभं राहिलं की दुखे, चाललं की दुखे, आणि वाकायचं तर नावच नको. बाईंनी याच्यावर एक उपाय काढला आणि तो कोणाला सांगितला नाही. ज्या पुस्तकांना मागणी आहे ती त्यांनी हळूहळू, सभासदांकडून परत आली की तळाशी न ठेवता, मधल्या फळ्यांवर लावली. मधल्या फळ्यांवरची, कोणी न मागितलेली, खाली गेली. ती पाठवायला वाकावंही लागत नसे. खुर्चीवरून पायाने सरकवता येत. दोन वर्षांत अकरा मांडण्यांची अशी फेररचना झाली. जगात पुस्तकं विषयवार लावतात, लेखकवार लावतात. आमच्याकडे ती बाईंच्या कंबरेनुसार लागलेली होती. बाई जागेवर होत्या तोवर कोणाला पत्ताही लागला नाही, पुस्तकांच्या वार्षिक मोजणीतसुद्धा नाही, कारण कोणतं पुस्तक कुठे आहे हे त्यांना पाठ होतं.

मग एका सोमवारी बाई जागेवर नव्हत्या. कंबर इतकी धरली, की डॉक्टरांनी काही सांगायच्या आधीच काकांनी त्यांना आठ दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. आणि वाचनालय बंद पडलं. दार उघडं होतं, दिवे चालू होते, पण पुस्तक कुठलंच सापडेना. यादीत चरित्र म्हणावं तिथे बागकाम निघे. चौथ्या दिवशी समितीचे अध्यक्ष स्वतः यादी घेऊन मांडण्यांमध्ये शिरले. हे निवृत्त शाळा तपासनीस. चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं आणि इतक्या चुका एका जागी त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यातच आठव्या मांडणीच्या तळाशी, पाणीपुरवठ्याच्या अहवालांशेजारी, त्यांना त्यांचं स्वतःचं प्रवासवर्णन सापडलं.

बाई कामावर परत आल्या त्या दिवशी अध्यक्षांनी त्यांना बोलावलं.

"बाई, पुस्तकं तुम्ही हलवलीत?"

"हो."

"आणि माझं पुस्तकही?"

"नाही. ते पहिल्यापासून तिथेच आहे. क्रमांक बघा."

अध्यक्षांनी क्रमांक बघितला. तो बरोबर होता. त्यामुळे मनाला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही.

ते बोलले मात्र खरोखरच प्रेमाने. बाईंनी खूप केलं, आता दगदग पुरे. दाराशी टेबल ठेवू, तिथे बसून बाईंनी फक्त चिठ्ठ्या घ्याव्यात. सभासदाने क्रमांक लिहून द्यायचा, आतून दुसरा कोणीतरी पुस्तक आणून देईल. ठरावाचा मसुदा त्यांनी खिशातून काढून दाखवलासुद्धा. बाईंनी तो पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "वार्षिक मोजणी कधी आहे?"

"अजून तीन महिने आहेत."

"तोवर सगळी पुस्तकं मी जागेवर लावते. मोजणीला मी स्वतः फळीफळीने दाखवीन, तळच्यासुद्धा. नाही जमलं तर मांडा ठराव."

"अहो, पण तुमची कंबर..."

"ते माझ्याकडे राहू द्या."

असं त्या म्हणाल्या खऱ्या. घरी येऊन पलंगाच्या कडेला बसल्या तेव्हा त्यांना रडू फुटलं, हे मला काकांनी सांगितलं, आणि सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

व्यायामोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, करणारी मुलगी जवळच्याच चौकात, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत बसायची. बाई आणि काका तिच्याकडे गेले. तिने आधी पुष्कळ प्रश्न विचारले. पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, लघवीची काही तक्रार, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. सगळ्याला नाही. मग म्हणाली, "बाई, आता त्या खुर्चीवर बसा आणि हात छातीशी घेऊन उठून दाखवा."

"दुखतं ते कंबरेत," काका म्हणाले.

"हो काका. उठू दे त्यांना."

बाई पुढे झुकल्या. काकांचा हात पुढे आला.

"काका, हात खिशात."

काकांनी हात खिशात घातले. बाई पुन्हा झुकल्या, थोड्या उचलल्या गेल्या आणि खुर्चीत परत बसल्या. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रयत्न केला नाही. साध्या लाकडी खुर्चीतून आपल्याला उठता येत नाही ही गोष्ट बाईंना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हती. माहीत व्हायला हात मध्ये यायचा थांबायला हवा होता.

मग मुलीने त्यांना टेबलाला बोटं टेकवून एका पायावर उभं केलं. डाव्या पायावर उभं राहिलं की उजवीकडची कंबर खाली झुके. "बघा," काका म्हणाले आणि शेजारी एका पायावर आरामात उभे राहिले, "असं." बाई म्हणाल्या, "अहो, तुमची कोणी तपासणी करत नाहीये. बसा."

मुलगी स्टूल ओढून बाईंच्या समोर बसली. "तुमच्या वाचनालयात तीन माणसांचं काम आहे समजा. त्यातली दोघं यायचीच बंद झाली, तर तिसऱ्याचं काय होईल?"

"समजा कशाला?" बाई म्हणाल्या. "एकोणतीस वर्षं तेच चाललंय."

मुलगी हसली. "कंबरेचंही तेच. वाकायचं, उठायचं, वजन पेलायचं, हे मांड्यांनी आणि खुब्याच्या स्नायूंनी करायचं. चालताना कमरेचा तोल खुब्यानेच धरायचा. तुमचे ते स्नायू दुबळे झालेत, म्हणून कंबर एकटी सगळ्यांचं काम करते. आणि मग ओरडते. सगळ्यांची कंबर यामुळेच दुखते असं नाही, आणि तुमची थोडी झीजही आहे. पण झीज मला भरून काढता येणार नाही. पाय परत कामावर आणता येतील."

"खुब्याचे स्नायू म्हणजे नेमके कुठले?" काकांनी विचारलं. मुलीने स्वतःच्या मागच्या बाजूला हात लावून दाखवलं. "मग सरळ नाव घ्या की," काका म्हणाले.

"अहो!" बाई म्हणाल्या.

निघताना मुलगी म्हणाली, "तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी लहानपणी तुमच्या पाचव्या मांडणीपाशी जमिनीवर बसून वाचायचे. तुम्ही उकिडव्या बसायचात, खालून आठ-आठ पुस्तकं घ्यायचात आणि तशाच उठायचात. कशाला न धरता. मला वाटायचं, मोठं झालं की हे आपोआप येतं."

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "परीराण्यांच्या गोष्टी," त्या म्हणाल्या. "पाचवी मांडणी, तळची फळी. एक पुस्तक तू चार वेळा नेलंस."

उपाय ऐकायला अगदीच साधे होते. काकांची त्यामुळे निराशा झाली. त्यांना यंत्र अपेक्षित होतं. खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या, म्हणजे बैठक उंच होते, आणि हात न लावता दहा वेळा उठायचं-बसायचं. जमलं की एक उशी काढायची. पाठीवर झोपून, गुडघे मोडून, मागची बाजू वर उचलायची. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. चाकांची खुर्ची बंद, अंथरुणात पडून राहणं बंद. "थोडं दुखेल," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर कमी करायचं. सोडायचं नाही. आणि काका, तुमचा व्यायाम एवढाच, की मदत करायची नाही."

दोघांपैकी जास्त अवघड व्यायाम काकांच्या वाट्याला आला होता.

पहिले पंधरा दिवस ते बाईंसमोर उभे राहून मोजत. बाई उठता उठता थरथरल्या की काकांच्या खिशातल्या मुठी आवळत. "सात. चला, पुढे सरका. आठ." बाई म्हणत, "मला बसमधला उतारू केलंय यांनी." पण एक उशी गेली. बाईंच्या मांड्या इतक्या दुखत की जिना उतरताना त्या स्वतःवरच हसत. वाचनालयात त्या रोज एकच फळी लावत. वरच्या फळ्या आधी, तळच्या नंतरसाठी ठेवलेल्या. आम्ही सवयीने "तुम्ही बसा हो बाई" म्हणालो, की त्या म्हणत, "तुम्हीच बसा. बसून बसून काय होतं ते मला विचारा."

चौथ्या आठवड्यात कंबर पुन्हा धरली. फार नाही, पण सकाळी पलंगावरून उठताना जी कळ आली तिने बाईंचं अवसान गेलं. त्या परत आडव्या झाल्या. काका शेजारी बसले.

"सोडून देऊ आपण हे सगळं," ते म्हणाले. "बस की दाराशी. काय बिघडतं? मी डबा आणून देईन. बघवत नाही गं मला."

बाई छताकडे बघत म्हणाल्या, "दाराशी बसले की लोक मला क्रमांक सांगतील."

"मग?"

"आत्ता ते मला गोष्ट सांगतात. कुणी म्हणतं, आई वाचायची ते द्या. कुणी म्हणतं, झोप येत नाही, काहीतरी द्या. क्रमांक सांगणाऱ्याला यातलं काही सांगावं लागत नाही."

काका उठून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने त्यांनी लाकडी खुर्ची आणून खोलीच्या मधोमध ठेवली, तिच्यावर काढून टाकलेली दुसरी उशी परत ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"हे काय?"

"समोर उभा राहिलो की हात जातो माझा. तू उठ. मी इकडूनच मोजतो. आज पाचच."

बाई कुशीवर वळून, हाताला रेटा देत उठल्या आणि खुर्चीपर्यंत गेल्या. काकांनी भिंतीकडे बघत पाच मोजले. पाचव्याला त्यांचा आवाज चिरकला, पण पाठीमागून माणूस कितीही ओळखीचा असला तरी चेहरा दिसत नाही, हा त्या व्यवस्थेचा फायदा होता.

मुलीने फोनवर सांगितलं, बरोबर केलंत, आठवडाभर पाचच करा, मग वाढवा. आठव्या आठवड्यात उशा संपल्या. दहाव्या आठवड्यात बाई मांडणीची कड धरून तळच्या फळीपर्यंत गेल्या आणि कड धरूनच वर आल्या. कंबर दुखत होती, पण आता ती दुखून कामावर येत होती, आणि तिच्यासोबत बाकीचेही येत होते. बाराव्या आठवड्यापर्यंत सगळी पुस्तकं जागेवर गेली. खाली ढकललेल्या कित्येक पुस्तकांवरची धूळ पुसताना बाईंनी त्यांची क्षमा मागितली, असं मी ऐकलं. त्यांनी ते नाकारलं नाही.

मोजणी चार दिवस चालली. अध्यक्ष मोठी नोंदवही मांडीवर घेऊन क्रमांक वाचत, बाई पुस्तक दाखवत, आम्ही दोघं-तिघं उगाचच तिथे असू. काका दाराबाहेरच्या बाकावर बसत; आत यायची त्यांना बंदी होती आणि ती त्यांनी स्वतःच घालून घेतली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई मध्येच थांबल्या, भिंतीला पाठ टेकून पाच मिनिटं उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी नोंदवही मिटली. "उद्या करू का?" बाई म्हणाल्या, "पाच मिनिटांनी करू."

चौथ्या दिवशी संध्याकाळी अकराव्या मांडणीची तळची फळी उरली. अध्यक्षांनी क्रमांक वाचला. बाईंनी साडी जराशी वर खोचली, पाय फाकवले आणि हळूहळू उकिडव्या बसल्या. पुस्तक काढलं, दाखवलं, ठेवलं. पुढचा क्रमांक. त्या फळीवर एकोणीस पुस्तकं होती आणि एकोणिसावं म्हणजे नकाशांचं एक अवजड बाड. ते त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी घेतलं. मांडणीची कड हाताशी होती, पण हात मोकळे नव्हते.

आम्ही सगळे छताकडे बघू लागलो. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

बाई पुढे झुकल्या. थांबल्या. मग उठल्या, सरळ नाही, जरा डावीकडे जाऊन, एक गुडघा थरथरत. पण उठल्या, बाडासकट. अध्यक्षांसमोर बाड ठेवून म्हणाल्या, "हे शेवटचं. मुखपृष्ठ सुटलंय, बांधणीला द्यायला हवं."

अध्यक्षांनी नोंदवहीत शेवटची खूण केली, खाली सही केली आणि तारीख घातली.  तपासनीस माणसाला सगळं बरोबर निघालं की काय बोलायचं ते सुचत नाही. शेवटी म्हणाले, "बाई, मला काहीतरी वाचायला द्या. चार दिवस नुसते आकडे वाचलेत. घरी हल्ली फार शांत असतं."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग दुसऱ्या मांडणीकडे चालत गेल्या आणि एक बारीकसं पुस्तक घेऊन आल्या. अध्यक्षांनी तिथेच उभ्याने दोन पानं वाचली, तिसऱ्यावर थांबले, कोटाच्या खिशातून ठरावाचा घडी घातलेला मसुदा काढला आणि खूण म्हणून पानात घालू लागले.

"पुस्तकात कागद ठेवायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "पानं खराब होतात. केराची टोपली दाराशी आहे."